शनिवारी आलेलं मतदान

शुक्रवारी दुपारी काळे मनुके कोमट पाण्यात भिजत घातले की तासाभरानं स्वयंपाकघरात एक वास रेंगाळायला लागतो. गोडसर, किंचित आंबूस, बंद कपाटात ठेवलेल्या जुन्या रेशमासारखा. मनुके हळूहळू टपोरे होतात, पाणी तांबूस आणि मग गर्द काळपट होत जातं, आणि दिवेलागणीच्या आधी ते हातानं कुस्करून, फडक्यातून गाळून त्याचं सरबत करायचं. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा वार, शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. त्याच्या स्वागताला द्राक्षारसाऐवजी हे सरबत प्याल्यात ओतलं जातं. कोकणातल्या आमच्या वाडवडलांना द्राक्षं कुठली मिळायला, त्यांनी मनुक्यांवर भागवलं. आणि आता तासगावची द्राक्षं दारावर विकायला येतात तरी आम्ही मनुकेच भिजत घालतो. काल ते कुस्करत असताना खिडकीखालून भोंगा लावलेली रिक्षा गेली. कुणाला तरी प्रचंड मतांनी विजयी करायचं आवाहन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमत गेलं. हात तसेच पाण्यात राहिले. तो वास आणि तो आवाज असा एकत्र मी पूर्वी एकदाच अनुभवला होता, काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात, आणि त्या उन्हाळ्यातली माणसं बघता बघता माझ्या ओट्याभोवती येऊन उभी राहिली.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. कोल्हापुरात आमची घरं पूर्वीही फार नव्हती, आता तर बोटांवर मोजावीत एवढीच. कुणाचे पणजोबा संस्थानच्या नोकरीत आले, कुणाचे रेल्वेबरोबर. त्याआधी सगळे कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद असायचा म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मला या नावाचा लहानपणापासून अभिमान वाटत आला आहे. आमचा ग्रंथ कुणी वाचलेला नव्हता, आमची प्रार्थनेची भाषा कुणाला कळत नव्हती, दोन-चार शब्दांपलीकडे ती आम्हालाही कळत नव्हती. पण आमचा शनिवार सगळ्यांना ठाऊक होता. एखाद्या समाजाला त्याच्या विसाव्याच्या दिवसावरून ओळखावं, यात काहीतरी फार सुंदर आहे. आमचं प्रार्थनाघर म्हणजे पेठेतल्या एका दुमजली इमारतीचा वरचा मजला. खालच्या अंगाला शेजारच्या वहिनींचा गोठा. पहाटेची प्रार्थना रंगात आली की खालून एखादी म्हैस आपला सूर मिसळायची, आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही.

आमच्या मंडळीच्या प्रमुखाला मुकादम म्हणतात. आमचे मुकादम काका फाउंड्रीत लाकडी साचे करायचे. रुंद पंजा, कानामागं पेन्सिलीची कायमची जागा, आणि बोलणं असं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला भांडण चाललंय असं वाटावं. शब्बाथच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. शनिवारी त्यांनी कधी काडी ओढली नाही, दिव्याचं बटण दाबलं नाही, वाहनात पाय ठेवला नाही. सगळ्या कारखान्यांची सुट्टी सोमवारी. काकांनी मालकाशी बोलून सोमवारी काम आणि शनिवारी रजा असं ठरवून घेतलं होतं. गावाचा सोमवार बंद असताना ते एकटे कुलूप उघडून आत जात आणि दिवसभर रंधा मारत बसत. नोकरीभर त्यांनी हे केलं. मी बँकेत होते, शनिवारी कामाला जायची. ते मला कधी बोलले नाहीत, पण शुक्रवारी संध्याकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवताना तो हात जरा जास्त वेळ ठेवत, एवढंच.

दुसरी व्यक्ती म्हणजे माझी आत्या. महापालिकेच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उन्हाळ्यात निवडणूक येणार असं दिसायला लागलं आणि आत्यानं एका रविवारी सगळ्यांना प्रार्थनाघराच्या गच्चीवर बोलावलं. मागच्या वेळी आमच्यातल्या तिघांची नावं यादीत सापडली नव्हती, एका काकूंचं आडनाव असं छापलं होतं की त्यांना स्वतःलाच ते वाचता येईना, आणि एक आजोबा आत जाऊन यंत्राला नमस्कार करून परत आले होते. "ह्या वेळी असलं चालणार नाही," आत्या म्हणाली. तिनं मला लॅपटॉप घेऊन बसवलं. एकेक घर पुढं यायचं, नाव तपासायचं, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथल्या तिथं भरायचा. मग तिनं कोल्हापुरी चपलांचं एक रिकामं खोकं काढलं. त्यावर कोटाची निळी बटणं शिवलेली आणि प्रत्येक बटणासमोर एक चित्र: केळं, पेरू, चिक्कू, डाळिंब. बटण दाबलं की बाजूला बसलेली आत्या तोंडानं लांबलचक 'टीं' करायची. "आवाज थांबेपर्यंत बोट काढायचं नाही. मग काचेत चिठ्ठी दिसते, ती वाचायची. घाई कुणाला आहे?" पुढचे कित्येक रविवार हा वर्ग भरला. थोरल्या आजींनी दर वेळी चिक्कूला मत दिलं, आणि चिक्कूच का, असं कुणीतरी हसत विचारल्यावर आत्या वर्गात बोलायची तशा आवाजात म्हणाली, "कसं द्यायचं ते ह्या गच्चीवर विचारा. कुणाला दिलं ते विचारायचं नाही. चिक्कूचंसुद्धा नाही."

आणि मग तारखा जाहीर झाल्या. आमच्या मतदानाच्या तारखेपुढं वार होता शनिवार. सूर्य मावळायच्या आधी केंद्रं बंद होणार, म्हणजे शब्बाथ संपण्याची वाट बघून जाणंही शक्य नव्हतं.

त्या रविवारी गच्चीवर खोकं उघडलंच नाही. शनिवारी आम्ही लिहीत नाही, आणि तिथं सही करावी लागते. विजेचं बटण दाबत नाही, आणि मत म्हणजे तेच. घराबाहेर हातात काही घेऊन जात नाही, आणि ओळखपत्राशिवाय आत कोण सोडणार? तरुण मंडळी म्हणाली, आम्ही एरवीही शनिवारी नोकऱ्या करतो, त्यात काय एवढं. म्हातारी माणसं काकांकडं बघत राहिली. आत्या म्हणाली, "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायला परवानगी आहे."

"हे जिवावरचं हाय व्हय?" काकांनी विचारलं.

"जिवावरचं नाही. जगण्यातलं आहे."

कुणीतरी सुचवलं की परदेशात आपले विद्वान धर्मगुरू आहेत, त्यांना फोन करून विचारू. काकांनी गच्चीच्या कठड्यावरून एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, "इचारा की. पर त्यांनी व्हय म्हटलं म्हणून मी मोकळा, न्हाय म्हटलं म्हणून मी मोकळा, असं मला न्हाय जमायचं. माझा शनिवार मी पाळलाय. त्याचं माझं मला ठरवू दे." ते उठून खाली गेले. फोन कुणी केला नाही.

त्यानंतरच्या रविवारी काका वर आले नाहीत. आत्यानं वर्ग चालू ठेवला, पण तिचा 'टीं' जरा बारीक झाला होता. सही टाळायची तर अंगठा चालतो, हे तिनं कुठूनसं शोधून काढलं आणि आम्हाला सांगितलं. थोरल्या आजींचा प्रश्न तेवढा परस्पर सुटला. त्यांचं वय एवढं होतं की मतदानाचे कर्मचारीच मधल्या एका वारी त्यांच्या घरी पेटी घेऊन आले. आजी नारायणपेठ नेसून, नथ घालून सकाळपासून तयार बसल्या होत्या. आमच्यातलं पहिलं मत त्यांचं. आलेल्या माणसांनी नियम म्हणून चहा घेतला नाही, याचा मात्र त्यांना शेवटपर्यंत राग होता.

प्रचाराचा शेवटचा आठवडा असेल. मी काकांकडं संध्याकाळी गेले होते. काकी आत तांदूळ निवडत होत्या. प्रचाराला निघालेला एक माणूस दारात थांबला. पेठेत नवा असावा. त्यानं दाराच्या चौकटीवरची आमची पवित्र वचनांची बारीकशी डबी पाहिली, नावाची पाटी दोनदा वाचली आणि मोकळेपणानं विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं तुमी?"

"हितलंच."

"न्हाय, मूळचं?"

"हितलंच की."

तो हसला. वाईट नव्हता माणूस. म्हणाला, "तुमच्या समाजाची मतं हायत म्हणं थोडी. तुमी सांगशीला तिकडं सगळी एकगठ्ठा पडत्यात का?"

"आमच्यात गठ्ठा बांधत न्हाईत," काका म्हणाले. "बसा. च्या घ्या."

चहा पिऊन तो गेला. आमच्या गावात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, अगदी प्रेमानं. काका स्वतः बसमध्ये शेजारच्याला पावणं, जरा सरका, असंच म्हणायचे. त्यात दुखवण्यासारखं काही नव्हतं. पण काका रिकाम्या कपबशीकडं बघत बसले. त्यांचे दोन्ही सख्खे भाऊ केव्हाच इस्राएलला गेलेले. त्यांनाही बोलावणी आली होती, एकदा नाही, पुष्कळदा. ते गेले नव्हते. का, असं विचारलं की रंधा, फाउंड्री, काकींची गुडघेदुखी असं काहीबाही सांगायचे. त्या संध्याकाळी ते जरा वेळानं, माझ्याशी की स्वतःशी कळेना, अशा आवाजात बोलले, "भाऊ गेले, ते ठरवून गेले. मी बी ठरवूनच ऱ्हायलो. पावण्याला मत नसतंय. घरच्याला असतंय." आत तांदळाचा आवाज थांबला होता.

शुक्रवारी प्रार्थना संपल्यावर काका तेव्यावर, म्हणजे मधल्या उंच चौथऱ्यावर उभे राहिले आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. "उद्याची प्रार्थना उजाडताना. मग चालत शाळंकडं. ज्याला मत द्यायचं त्यानं द्यावं. ज्याचं मन घेत न्हाय त्यानं फाटकापतोर यावं. पर एकटं कुणी जायचं न्हाय आणि एकटं कुणी मागं ऱ्हायचं न्हाय." ते स्वतः काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. ओळखपत्रांचा प्रश्न म्हशीवाल्या वहिनींनी त्याआधीच, दुपारी, सोडवला होता. सूर्य मावळायच्या आत आमची सगळ्यांची कार्डं त्यांच्या बाजारच्या पिशवीत गेली होती. "तुमी हात हलवत चला," त्या म्हणाल्या होत्या. "मला कुटला शनिवार? माझ्या म्हशी वार बगून दूध देत न्हाईत."

तो शनिवार माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. जोतिबाची चैत्र यात्रा होऊन थोडेच दिवस झालेले, गल्लीच्या फरशीवर अजून फिकट गुलाल होता. प्रार्थनेला त्या दिवशी दहा पुरुष होते, आणि दहा झाल्याशिवाय आमची पूर्ण प्रार्थना होत नाही, म्हणून ती पूर्ण झाली. मग आम्ही निघालो. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले काका पुढं, त्यांच्या शेजारी काकी, मागं आम्ही सगळे. कुणाच्या हातात पिशवी नाही, पाकीट नाही, फोन नाही, छत्री नाही. ऊन चढायला लागलं तसे बायकांनी पदर डोक्यावर घेतले. आमच्या बरोबरीनं, कडेकडेनं, खांद्याला पिशवी अडकवून वहिनी. दुकानं उघडणारी माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. कुणी हात वर केला, कुणी नुसतीच मान हलवली. रिकाम्या हातांनी एवढी भरलेली मी कधी चालले नव्हते. आम्ही किती थोडे आहोत, हे मला आयुष्यभर ठाऊक होतं. आम्ही किती आहोत, हे त्या रस्त्यावर कळलं.

फाटकापाशी वहिनींनी एकेक कार्ड काढून हाका मारायला सुरुवात केली. "ह्ये कुणाचं वो? फोटोवरनं कळंना झालंय." रांगेतली परकी माणसंसुद्धा हसली. पोलीस प्रत्येकाचे फोन बाहेर ठेवून घेत होता; आमच्याकडं फोनच नव्हते, त्यामुळं आम्ही झरझर पुढं सरकलो.

आत टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्यानं आत्यापुढं नोंदवही सरकवली आणि पेन दिलं. आत्यानं पेन घेतलं नाही. अंगठा पुढं केला. त्यानं मान वर केली आणि तो उभाच राहिला. "बाई, तुम्ही? अहो, मला सही करायला तुम्हीच शिकवलंत."

"चांगली शिकवली होती ना?" आत्या म्हणाली. "आज माझा शनिवार आहे. आज अंगठा."

त्यानं शाईचा पॅड स्वतःच्या हातानं तिच्यापुढं धरला. अंगठेबहाद्दर म्हणून कुणाला हिणवलं जाऊ नये यासाठी जन्मभर खपलेली ती बाई, आणि तिनं तो अंगठा असा उमटवला की जणू दागिना उतरवून ठेवला. आमच्यापैकी बहुतेकांनी तिच्या मागोमाग अंगठाच दिला. मीही दिला, वर्षानुवर्षं शनिवारी बँकेत सह्या करणाऱ्या मी.

मत देऊन मी दाराशी थांबले. काका रांगेत शेवटी होते. काकी आत आल्याच नव्हत्या. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली त्या उभ्या होत्या. रांगेत लागण्याआधी काका त्यांच्याजवळ क्षणभर थांबले होते आणि काकी म्हणाल्या होत्या, "तुमी आत जावा. मी हितं शब्बाथ राखते. घरात दोन्ही ऱ्हायला पायजे." काका टेबलाशी आले. अधिकाऱ्याला आता सवय झाली होती, त्यानं आपणहून पॅड पुढं केला. काकांनी तो हलकेच बाजूला सारला आणि पेन उचललं. सावकाश, साच्यावर रेघ मारावी तशी त्यांनी सही केली. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मराठीत. मग बोट पुढं करून शाई लावून घेतली आणि पडद्याआड गेले. आवाज आला. तो संपल्यावरही ते काही वेळ आतच होते; चिठ्ठी वाचत असतील.

मग ते बाहेर आले. आम्ही आलो तसेच चालत परतलो. संध्याकाळी चांदण्या दिसल्या, शब्बाथला निरोप देणारी प्रार्थना झाली, सुगंधी मसाल्यांची डबी हातोहात फिरली, आणि काका पुन्हा चौथऱ्यावर उभे राहिले. "आज मी शब्बाथ मोडला," ते म्हणाले. "अंगठा देऊन अर्धा वाचवला असता. पर मला पळवाट नको हुती. मोडला तो मोडला, ते माझ्या खात्यावर ऱ्हाऊ दे. तुमी कुणी त्याचं ओझं घ्यायचं न्हाय, आणि कुणी त्याचा कित्ताबी गिरवायचा न्हाय. पुढच्या शनिवारी प्रार्थना नेहमीच्या वेळंला." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. पण आमच्याकडं प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावायची पद्धत आहे. त्या संध्याकाळी प्रत्येकजण काकांकडं दोनदा गेला.

नंतर मी पुष्कळ विचार केला आहे त्या दिवसाचा. बरोबर कोण होतं, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवावंसंही वाटत नाही. आत्यानं वाट शोधली, काकांनी किंमत मोजली, काकींनी राखलं. आणि तिघंही एकाच रस्त्यानं, एकाच उन्हातून, एकमेकांच्या सावलीवर पाय न देता घरी आले. निकालाच्या आकड्यात आम्ही कुठं दिसलोही नसू. समुद्रात ओंजळ टाकावी तसं ते. पण ओंजळ आमची होती, आणि ती आम्ही भरून नेली होती. मोठ्या समाजांना आपल्या असण्याचा पुरावा द्यावा लागत नाही. आमच्यासारख्यांना तो अधूनमधून स्वतःलाच द्यावा लागतो, आणि तसा दिवस वाट्याला आला तर त्याला नशीब म्हणावं.

काका मागच्या हिवाळ्यात गेले. दहा पुरुष आता सणावारालाच कसेबसे जमतात. दोन घरं पुण्याला गेली, एक ठाण्याला. आत्याला कमी दिसतं, तरी यंदाही तिचा रविवारचा वर्ग भरतो, आणि नव्या खोक्यावर ती बोटांनी चाचपून चित्रं चिकटवते. यंदाचं मतदान आठवड्याच्या मधल्या वारी आहे. कुणाच्या श्रद्धेला कसला प्रश्न नाही, वाहन चालेल, छत्री चालेल, सहीसुद्धा चालेल. काकींना न्यायची जबाबदारी माझ्याकडं आली आहे. सरबताची बाटली द्यायला मी काल त्यांच्याकडं गेले, तेव्हा त्या म्हणाल्या की यंदा आपण आत जाणार, आणि गुडघ्यांचं काय ते नंतर बघू. मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं त्यांना विचारून टाकलं. काका आत गेले आणि तुम्ही उन्हात बाहेर उभ्या राहिलात, त्याचं कधी वाईट वाटलं का?

काकींनी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"वाईट कशाला वाटंल?" त्या म्हणाल्या. "त्यांनी मत दिलं, मी वाट बघितली. दोघांनाबी तेवढाच येळ लागला."